एकाहत्तर दारं

सकाळी 6.10
नाशिकमधली पेठ रोडजवळची वस्ती. भोगीचा दिवस, मंगळवार. बोलताना तोंडातून वाफ निघतेय. मावशी दारात गोणपाट टाकून बसल्यात आणि एका चेक्सच्या शर्टाला बटण लावतायत. शेजारी श्रीखंडाचा जुना डबा. त्यात नुसती बटणं, रंगारंगाची, आकाराआकाराची. निम्मी कुठल्या तरी फाटक्या शर्टावरूनच काढलेली.

"बटण नसलं तर बाजारात दहाला मागतात. असलं तर पंचवीसला जातो." दात लावून त्या दोरा तोडतात. शर्ट झटकतात, घडी करतात, पुढचा घेतात.

मावशी बोहारीण आहेत. वय पंचावन्नच्या आसपास, त्यांनाही नक्की माहीत नाही. जुने कपडे घ्यायचे, भांडी द्यायची. छत्तीस वर्षं हेच. मी त्यांच्यामागे आले ते एका स्वार्थाने. महिन्यापूर्वी एका मासिकाकडे पाठवलेल्या लेखावर उत्तर आलं, ते मी दोन दिवस उघडलंच नाही. नकारच असणार असं वाटलं. होताही. मग वाटलं, जिला दिवसभर 'नको' ऐकावं लागतं, तिच्याबरोबर एक दिवस काढून बघावा.

सकाळी 8.30
पाटी भरायची. माल काल रात्रीच भांडी बाजारातून उधारीवर आणलाय. छत्तीस वाट्या, 18 रुपयांची एक. संक्रांतीचं वाण, त्यामुळे आता वाट्याच चालतात. दोन पातेली, 160 ची. एक परात, 230. प्लास्टिकचे दोन टब, 90 चे. तीन डबे, 74 प्रमाणे. एकूण 1,600 रुपये. मालकाच्या वहीत मावशींचं पान आहे. मावशींची वही डोक्यात.

डबे परातीत, वाट्या डब्यात, पातेल्यात पातेलं. पाटी दहा-बारा किलोची होते. डोक्यावर जुन्या साडीची चुंबळ, तिच्यावर पाटी. गळ्याला मफलर घट्ट गुंडाळलेला. मला वाटलं थंडीसाठी. "मांजासाठी," मावशी म्हणाल्या. "पाटी असली की मान फिरवता येत नाही. पोरं वरून काय सोडतील सांगता येत नाही."

सकाळी 9.15
शेअर रिक्षा, पेठ नाक्यावरून अशोक स्तंभापर्यंत. 20 रुपये. पाटी मांडीवर घेतली, म्हणून तिचे पैसे नाहीत. येताना बोचकं असेल तेव्हा त्याचे लागतील. सिंहस्थाच्या कामांनी रस्ता कुठे कुठे उकरलाय. प्रत्येक खड्ड्याला छत्तीस वाट्या वाजतात.

सकाळी 9.45
गंगापूर रोडच्या बाजूची नवी सोसायटी. गेटवर पाटी लावलेली, 'फेरीवाल्यांना सक्त मनाई'. मावशी तरी विचारतात. वॉचमन मोबाइल काढतो. "कुठल्या फ्लॅटला जायचंय सांगा. तिथून हो आलं तर सोडतो." मावशींना कुठल्याच फ्लॅटला जायचं नाही, सगळ्यांना जायचंय. हे त्या अॅपमध्ये बसत नाही.

पुढचं गेट, तेच. तिसरं, तेच. मला उगाच कानकोंडं झालं. मावशी मात्र प्रत्येक वॉचमनला "येते हां दादा" म्हणून निघाल्या. का, ते विचारलं. "दिवाळीला तो बदलणार. नवा येईल. तेव्हा जुना दुसऱ्या गेटवर असेल. मला ओळखेल."

पंडित कॉलनी आणि आसपास अजून जुने बंगले आहेत, तीन-चार मजल्यांच्या बिनलिफ्टच्या इमारती आहेत. मावशींचा धंदा आता त्यांच्यावर चालतो.

सकाळी 10.20
चार मजले. मावशी पाटी घेऊन थेट वर जातात आणि वरून खाली दारं करत येतात. "नको ऐकून जिना चढायला पाय जड होतात. उतरताना काही वाटत नाही."

बेल वाजवायची एक रीत आहे. एकदाच, छोटी. मग दोन पावलं मागे. पाटी खाली, दाराच्या भिंगातून दिसेल अशी. आधी पाटी दिसली पाहिजे, बाई नंतर. दार उघडलं तर "जुने कपडे आहेत का?" असं चुकूनही विचारायचं नाही. त्याचं उत्तर 'नाही' हेच असतं. "वहिनी, वाणाच्या वाट्या आल्यात," असं म्हणायचं आणि एक वाटी हातात द्यायची. वाटी हातात घेतलेली बाई लगेच दार लावत नाही.

पहिली आठ दारं. तीन उघडलीच नाहीत. दोन ठिकाणी "नको". एक "आज नाही". एक "सासूबाई गावाला गेल्यात, त्यांचं खातं आहे ते". एका दारात भिंगावर डोळा आला, अंधारला, गेला. मी वहीत खुणा करत होते. न उघडलेली दारं नकारात धरायची का, असं विचारलं. "नाही," मावशी म्हणाल्या. "ते काही बोललेच नाहीत ना."

मग मला एक गोष्ट दिसली. 'नको' आल्यावर मावशी पाटी फार हळू उचलतात. आधी चुंबळ झटकतात. पुन्हा वळतात. डोक्यावर बसवतात, काढतात, परत बसवतात. वाट्या सारख्या करतात. अर्धं मिनिट तरी जातं. मला वाटलं गुडघे दुखत असतील. नवव्या दाराशी कळलं. दार लागलं होतं, चुंबळीचा खेळ चालू होता, आणि दार पुन्हा उघडलं. "अहो, पँटला चेन नसली तर चालते का?"

सकाळी 10.55
त्याच दारात भवानी झाली. पँट नाही घेतली. ती बुडाला घासलेली होती. एक साडी आणि दोन शर्ट घेतले. वहिनींनी सहा वाट्या मागितल्या, मावशींनी तीन देऊ केल्या, चारवर तुटलं. त्याआधी फ्रीजवरचं चुंबक आणून वाटीला लावून झालं. चिकटलं नाही. वहिनींना समाधान वाटलं. मावशींनी वाटी कपाळाला टेकवली आणि मग दिली.

आता एक सांगायला हवं. मी नकार मोजायला आले होते ते मावशींना मिळणारे. पण या दारात नकार दिला तो मावशींनी. साडी दोन्ही हातांनी उभी धरली, उजेडाकडे केली, अंगठा आतून फिरवला. पँट उलटी केली, शिवण ओढली. वहिनी मान जराशी तिरपी करून बघत होत्या, परीक्षेचा पेपर तपासताना समोर उभं राहावं तसं. मावशी 'खराब आहे' कधीच म्हणत नाहीत. "हिला माझ्याकडे गिऱ्हाईक नाही," म्हणतात. पँट वाईट नाही, गिऱ्हाईक नाही. वहिनींचा चेहरा पडला, पण पुरता नाही.

सकाळी 11.40
एक बंगला. फाटकाशी उभं राहून मावशींनी हाळी दिली. व्हरांड्यातून पेपर खाली न करता एका गृहस्थांचा आवाज आला. "पुढे जा."

मावशींनी पाटी हळू उचलली नाही. त्या आत दोन पावलं गेल्या. आवाज चढवला नाही. "बाबा, 'नको' म्हणा. 'पुढे जा' मागणाऱ्याला म्हणतात. मी द्यायला आलेय."

पेपर खाली आला. गृहस्थ काही बोलले नाहीत. मावशी बाहेर आल्या. कोपऱ्यापर्यंत त्याही काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "छत्तीस वर्षं झाली. 'नको'ची सवय झाली. ह्याची नाही करून घेतली."

नाशिकमध्ये दारांचा विषय निघाला की काळारामाचं दार आठवतंच. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो 1935 पर्यंत लढवत ठेवला. त्या दाराशी उभ्या राहिलेल्या माणसांना नकाराचं भय कमी नव्हतं. पण तो नकार सवय करून घेण्यातला नव्हता. तुलना ताणायची नाही मला. एवढंच, की 'नकार पचवायला शिका' असं सरसकट सांगणाऱ्यांनी कुठला नकार ते आधी सांगावं.

दुपारी 12.30
दुसरा बंगला, इथे खातं जुनं. एक आजी पायरीवर पातळांची घडी घेऊन वाटच बघत होत्या. दोन नऊवारी, सुती, धुवून धुवून लोण्यासारखी मऊ. एक साधी सहावारी. नऊवारीला 70 येतात. गोधडी शिवणाऱ्या नेतात, आणि बाळाची दुपटी करायला त्याहून मऊ कापड नाही. आजींनी पातेलं मागितलं. मावशींनी एकदाही घासाघीस केली नाही. पत्र्यावर नख मारून आवाज ऐकवला आणि पातेलं दिलं.

"ही माझी सासूच्या वेळची," मावशी म्हणाल्या. म्हणजे गिऱ्हाईक सासूच्या वेळचं.

दुपारी 1.15
एका देवळाच्या कट्ट्यावर जेवण. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी. मावशींनी मला अर्धी भाकरी आधी दिली, मग विचारलं, "खाणार का?"

सासूची गोष्ट इथे निघाली. लग्न होऊन आल्यावर चार महिन्यांनी सासूने पाटी दिली. स्वतः गल्लीच्या पलीकडच्या बाजूने चालायची. इकडे यायची नाही. "मी एका घरापुढे उभी राहिले. तोंड उघडेना. उभीच. किती वेळ कोण जाणे. शेवटी आतून एक पोरगं आलं आणि म्हणालं, काय पाहिजे? मी रडायला लागले. पोरगंही रडायला लागलं. त्याची आई बाहेर आली. म्हणाली, काय झालं गं? मी म्हटलं, भांडी." मावशी हसता हसता पाणी प्यायल्या. "तिने चहा पाजला. घेतलं काही नाही."

सासू पलीकडून बघत होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गल्ली.

ओरडता यायला लागल्यावर भीती निम्मी झाली, असं मावशींचं म्हणणं. ते मला पटलं. हाळीत सोय होती. ज्याला नको तो बाहेर येत नसे. कोणी कोणाला 'नाही' म्हणायची वेळच येत नसे. वाडे होते, चाळी होत्या, तोवर एक हाळी वीस घरांना पुरायची. फ्लॅट आले आणि हाळी चौथ्या मजल्यावर पोचेना. बेल आली. बेल म्हणजे एकेका दाराशी समोरासमोर 'नको' ऐकणं. मावशींना हे दुसऱ्यांदा शिकावं लागलं, चाळिशीत.

मग मी त्यांना अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला मोठा मानसोपचारतज्ज्ञ. मराठी वाचकांना तो मुख्यतः कि. मो. फडके यांच्यामुळे माहीत झाला. 1933 साली, एकोणीस वर्षांचा असताना, याला मुलींशी बोलायची भयंकर भीती. म्हणून याने ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. महिनाभरात 130 बाया झाल्या. तीस उठून गेल्या. शंभर जणींशी बोलला. एक भेटायला कबूल झाली.

"मग?"

"ती आलीच नाही. पण त्याची भीती गेली, असं तो सांगायचा. कोणी चप्पल मारली नाही, कोणी पोलिसांना बोलावलं नाही, हे त्याला कळलं."

मावशींनी भाकरीचा शेवटचा तुकडा भाजीत फिरवला. "रोज एकाच बागेत गेला?"

"हो."

"गल्ली बदलायची ना." थोडं थांबून, "आणि त्याच्या पाटीत काय होतं?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

दुपारी 3.20
दुपारी झोपलेल्या घराची बेल वाजवायची नाही, म्हणून इतका वेळ बसलो. चहा 10 रुपये. माझेही मावशींनीच दिले असते, पण मी आधी दिले.

तिसरा मजला. दार उघडणाऱ्या बाई घाईत होत्या. "नको हो, कपडे काढायला वेळ नाही." दार लागलं. चुंबळ झटकली. वाट्या सारख्या केल्या. चुंबळ पुन्हा वळली. दार उघडलं. "वाट्या किती आहेत तुमच्याकडे?"

परवा त्यांचं हळदीकुंकू. पंचवीस वाट्या हव्यात. मग घरातून ढीग यायला लागला. आधी साड्या, त्यातल्या पाच निवडल्या. मग नवऱ्याच्या चार जीन्स, पोट वाढल्यामुळे बाद. मग एक ब्लेझर. बाईंनी तो दोनदा आत नेला आणि दोनदा बाहेर आणला. शेवटी एक मोरपिशी साडी आली. ती त्यांनी मांडीवरच ठेवली.

"ही माझ्या साखरपुड्याची आहे. हिच्या किती वाट्या?"

मावशींनी ती उजेडाकडे धरली. घडीवर विरली होती. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की साडी घडीवर जाते. जरही प्लास्टिकची. "दोन," म्हणाल्या.

बाई गप्प झाल्या. मोठ्या पगाराच्या नोकरीतल्या वाटत होत्या, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा तसाच होता. कपाळावर आठी नव्हती, रागही नव्हता. नुसतं काहीतरी उतरलं होतं. 'नको' ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा दिवसभर मी मावशींच्या ठिकाणी शोधत होते. तो इथे सापडला.

मावशींनी ती साडी पुन्हा दुमडली. घडी बदलून, वेगळ्या रेषेवर. आणि बाईंच्या मांडीवर ठेवली. "ठेवा ही. वर्षातून एकदा घडी मोडत जा."

बाकीच्या ढिगाच्या पंचवीस वाट्या झाल्या. बाईंनी तीसपासून सुरुवात केली होती, मावशींनी वीसपासून.

संध्याकाळी 5.00
बंगल्यांची शांत गल्ली. "आता तुम्ही द्या एक हाळी," मावशी म्हणाल्या.

मी हसून टाळलं. त्या थांबल्याच. पाटी खाली ठेवली, म्हणजे आता सुटका नव्हती. मी तोंड उघडलं. जो आवाज निघाला तो घसा खाकरल्यासारखा होता. एका कुत्र्याने मान वर केली.

"पोटातून. 'भांडी'तला 'भां' सोडून द्यायचा, 'डी' लांबवायची."

दुसऱ्यांदा "भांडीऽऽय" बरं निघालं. कान तापले माझे. वाटलं, ओळखीचं कोणी बघितलं तर? समोरच्या बंगल्यात वरची खिडकी उघडली. एक बाई दिसली, खाली बघितलं, खिडकी लावली.

"बघा," मावशी म्हणाल्या. "ऐकू गेलं."

संध्याकाळी 5.40
अजून एक सौदा, पटकन. तीन पँट आणि एक पलंगपोस, बदल्यात टब. परात तशीच राहिली. तिला आज तिघींनी हात लावला, वाजवली, खाली ठेवली.

संध्याकाळी 6.50
बोचकं बांधलं. आता पाटी मावशींच्या डोक्यावर, बोचकं कमरेवर. मी उचलायला गेले तर म्हणाल्या, "वजनाचा अंदाज बिघडतो माझा." अशोक स्तंभापासून भांडी बाजारापर्यंत चालतच. वाटेत दुसरा चहा.

भांडी बाजारात दुकानदार उरलेला माल बघतात. सात वाट्या, एक पातेलं, एक टब, परात, तीन डबे. 828 रुपयांचा. तो मावशींकडेच राहतो. गेला 772 चा. ते उद्या बाजार झाल्यावर द्यायचे. दुकानदार वहीत लिहितात, मावशी ओठ हलवून आकडा मनात ठेवतात. वाट्या अजून छत्तीस हव्यात, पण पैसे आल्याशिवाय मावशी मागत नाहीत. दुकानदारांनी विचारलं तरी नाही म्हणाल्या.

संध्याकाळी 7.40
परतीची रिक्षा. मावशींचे 20, बोचक्याचे 20. रिक्षावाल्याने आधी बोचक्याला नाही म्हटलं. मावशी तिथेच उभ्या राहिल्या आणि चुंबळ झटकायला लागल्या. दुसरी सवारी येईना. "बसा," तो म्हणाला.

मी वही उघडली. एकूण 71 दारं. न उघडलेली 23. वेगवेगळ्या शब्दांत नको, 39. बोलणं झालं पण सौदा नाही, 5. सौदे 4. गेटवरचे नकार वेगळे.

आलेल्या कपड्यांचे बाजारात 1,150 यावेत, असा मावशींचा अंदाज. त्यातून भांड्यांचे 772 वजा. उरले 378. रिक्षाचे 60, मावशींच्या दोन चहांचे 20, दोरा आणि साबणाची वडी 12. राहिले 286 रुपये.

मी भागाकार केला. दारामागे चार रुपये पडतात, उघडलं नाही त्या दाराचेही. मावशींना सांगितलं. त्यांनी हिशेब नीट ऐकून घेतला. "पण चौघींनीच दिले ना," म्हणाल्या.

रात्री 8.30
घरात बल्बखाली तीन ढीग. बाजारात मांडायचे कपडे. गोधडीवाल्यांची नऊवारी. आणि मागच्या फेऱ्यांतल्या अगदी गेलेल्या सुती कपड्यांच्या चिंध्या. त्या किलोवर जातात आणि सातपूर, अंबडच्या कारखान्यांत मशिनचं तेल पुसायला लागतात. सून भात टाकतेय. तिला पाटीवर जायचं नाही, ती कंपनीत पॅकिंगला जाते. मावशींनी आग्रह केलेला नाही.

ब्लेझर मावशींनी खुंटीवर वेगळा टांगला. खिशात हात घातला. लग्नातली एक सुपारी निघाली आणि एक पार्किंगची पावती. सुपारी डब्यात गेली, बटणांच्या.

"उद्या येता का?" त्यांनी विचारलं.

उद्या बुधवार. गोदाकाठी बाजार. मावशी पहाटे जाऊन जागा धरणार, कपडे मांडून बसणार, आणि येणारे लोक कपडे उचलून, उजेडाकडे धरून, खाली ठेवून जाणार. दारं गुरुवारी.